किंमत डिलिव्हरीच्या दिवशीची

डिसेंबर उजाडला की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक ठरलेली बातमी येते: १ जानेवारीपासून गाड्या महागणार. कच्चा माल महागला, वाहतूक महागली, रुपया घसरला, यांपैकी एखादं कारण सोबत दिलेलं असतं. मार्च संपत आला की तीच बातमी पुन्हा येते, या खेपेला नव्या आर्थिक वर्षाच्या नावाने. ज्यांना गाडी घ्यायची नसते ते पान उलटतात. ज्यांचं बुकिंग पडून असतं त्यांच्या घरी मात्र त्या दिवशी कॅल्क्युलेटर निघतो.

महागाई मला मान्य आहे. पोलाद महागलं तर गाडी महागणार, हे कोणालाही कळतं. मला मान्य नाही ते हे, की बुक करताना दाखवलेली गाडी आणि सांगितलेली किंमत या दोन्हींपैकी एकही गोष्ट गाडी दारात येईपर्यंत कायम राहील, असं कोणी लिहून देत नाही. आणि आपल्याला याची इतकी सवय झाली आहे, की कोणी विचारलंच तर विचारणारा किरकिरा ठरतो.

उदाहरणाला इनोव्हा हायक्रॉस घेते, कारण महाराष्ट्रात ‘घरची मोठी गाडी’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे इनोव्हाच येते. २००० साली क्वालिस आली, २००५ मध्ये तिची जागा इनोव्हाने घेतली, २०१६ मध्ये क्रिस्टा आली. शिर्डी, गणपतीपुळे, लग्नाचं वऱ्हाड, मुंबईच्या मोठ्या डॉक्टरची तारीख, सगळीकडे हीच गाडी. ती बनवणाऱ्या टोयोटा किर्लोस्कर या कंपनीच्या नावात किर्लोस्कर आहे, आणि ज्या घराण्याने किर्लोस्करवाडीत नांगर बनवले त्याचं नाव आपल्याला परकं वाटत नाही. २५ नोव्हेंबर २०२२ ला मुंबईत हायक्रॉस लोकांसमोर आली आणि चारच दिवसांनी त्याच घराण्यातले, कंपनीचे उपाध्यक्ष विक्रम किर्लोस्कर गेले. या गाडीबद्दल मराठी घरांत आपुलकी आहे. म्हणूनच तिच्याबद्दलची तक्रार मनाला लागते.

गाडी चांगली आहे, हे आधीच सांगते. तिच्या हायब्रिड मॉडेलमध्ये दोन लिटरचं पेट्रोल इंजिन, जोडीला विजेची मोटर आणि बॅटरी. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत जाते, प्लग लावून चार्ज करायची भानगड नाही. थांबत थांबत चालणाऱ्या रहदारीत मोटर जास्त काम करते, त्यामुळे जिथे साधी गाडी पेट्रोल पिते तिथेच ही वाचवते. कंपनीने सांगितलेलं अ‍ॅव्हरेज लिटरला २३.२४ किलोमीटर, त्याच गाडीच्या साध्या पेट्रोल मॉडेलचं १६.१३. आठ माणसांच्या गाडीने एवढं द्यावं ही खरोखर मोठी गोष्ट आहे.

आता किमतीचा प्रवास पाहा. बुकिंग नोव्हेंबर २०२२ मध्येच सुरू झालं, ५०,००० रुपये भरून. किमती जाहीर झाल्या २८ डिसेंबरला. म्हणजे पहिल्या लोकांनी किंमत कळायच्या आधी पैसे भरले. त्या किमती होत्या १८.३० लाखांपासून २८.९७ लाखांपर्यंत, एक्स-शोरूम. हायब्रिड सुरू होत होती २४.०१ लाखांना. मार्च २०२३ मध्ये, बहुतेकांची गाडी अजून यायची असताना, हायब्रिडच्या किमती ७५,००० रुपयांपर्यंत वाढल्या. एप्रिलमध्ये सर्वांत वरच्या दोन मॉडेलांचं बुकिंगच थांबवलं, कारण सुट्या भागांचा पुरवठा पुरत नव्हता. ते सुरू झालं वर्षभराने, २०२४ च्या एप्रिलमध्ये. मे महिन्यात पुन्हा बंद, ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू. मे २०२५ मध्ये ‘एक्सक्लुझिव्ह एडिशन’ आली, ३२.५८ लाखांना. या सगळ्या काळात इंजिन तेच, मोटर तीच, बॅटरी तीच.

७५,००० हा आकडा शोरूममध्ये लहान वाटतो. पंचवीस लाखांच्या गाडीत पाऊण लाखाचं काय, असं म्हणून आपणही मान हलवतो. पण हायब्रिड घेणारा माणूस ती कशासाठी घेतो, याचा हिशोब करून पाहा. महिन्याला हजार किलोमीटर गाडी चालते असं धरू. साध्या पेट्रोल मॉडेलला, कंपनीच्याच आकड्याने, ६२ लिटर लागतील; हायब्रिडला ४३. वाचले १९ लिटर. लिटरला १०४ रुपये धरले तर महिन्याला दोन हजारांच्या आत, वर्षाला साधारण २३,७०० रुपये. म्हणजे मार्च २०२३ च्या त्या एका वाढीने तीन वर्षांहून जास्त काळाची इंधनाची बचत एका दिवसात खाऊन टाकली. साध्या पेट्रोल मॉडेलची वाढ त्या वेळी बरीच कमी, २५,००० रुपयांपर्यंत होती. बचत करायला निघालेल्या माणसाकडूनच जास्त घेतलं गेलं. ही बचत दाखवूनच गाडी विकली जाते, तेव्हा हा हिशोबही त्याच कागदावर छापला पाहिजे.

शिवाय वाढ एकटी येत नाही. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के रोड टॅक्स आहे, आणि तो वाढलेल्या किमतीवरही लागतो. ७५,००० वर आणखी ९,७५० रुपये. विमा वाढतो तो वेगळा. टप्पा ओलांडणाऱ्याचं तर आणखी वाईट. दहा ते वीस लाखांच्या गाडीला १२ टक्के, त्यावर १३. समजा गाडी १९.९५ लाखांची आहे. टॅक्स २,३९,४०० रुपये. किंमत दहा हजारांनी वाढून २०.०५ लाख झाली की टॅक्स होतो २,६०,६५०. कंपनीने दहा हजार वाढवले, घरातून गेले ३१,२५०. हे आरटीओच्या पासिंगच्या वेळी कळतं, कर्ज मंजूर झाल्यानंतर, आणि तो फरक कर्जात बसत नाही. तो रोख भरावा लागतो.

सरकारनेही या गाड्यांचं नेमकं काय करायचं हे ठरवलेलं दिसत नाही. जीएसटी आल्यापासून मोठ्या हायब्रिडवर सेस धरून ४३ टक्के कर होता. इलेक्ट्रिकवर ५. नितीन गडकरींनी हायब्रिडवरचा कर ५ टक्क्यांवर आणण्याची मागणी उघडपणे केली होती. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये हायक्रॉससारख्या स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर पूर्ण माफ केला. महाराष्ट्रात तेच तेरा टक्के. मग २२ सप्टेंबर २०२५ ला, ऐन घटस्थापनेला, नवे जीएसटी दर लागू झाले. मोठी डिझेल एसयूव्ही ५० वरून ४० टक्क्यांवर आली, चार मीटरहून लांब पण दीड लिटरच्या आतल्या इंजिनाची साधी पेट्रोल गाडी ४५ वरून ४० वर, आणि हायब्रिड ४३ वरून ४० वर. कमी पेट्रोल जाळण्याबद्दल हायब्रिडला जी दोन टक्क्यांची वा सात टक्क्यांची सूट होती, ती संपली. हायक्रॉसही स्वस्त झाली, आणि रांगेत असलेल्यांना तो फायदा मिळाला. डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लावण्याच्या पद्धतीने ग्राहकाचं भलं झालं ते त्या एका वेळी. ज्यांनी गणपतीत, २७ ऑगस्टच्या मुहूर्तावर गाडी घरी आणली, त्यांना ते मिळालं नाही. कर सरकार ठरवतं आणि बिलाच्या तारखेला लागतो, त्यावर माझा आक्षेप नाही. कंपनीची स्वतःची वाढ हा वेगळा विषय आहे, आणि दोन्ही एकाच अटीखाली घालणं चुकीचं आहे.

किमतीपेक्षा मला जास्त खुपतात ते व्हेरिएंट. हायक्रॉसमध्ये हायब्रिड हवी तर व्हीएक्सपासून वर. खालच्या जी आणि जीएक्समध्ये ती मिळत नाही. २०२४ मध्ये जीएक्स (ओ) काढली तीही साध्या पेट्रोलवरच. म्हणजे ज्याला फक्त पेट्रोल वाचवायचं आहे त्यालाही बाकीचा साज घ्यावाच लागतो. हे अपरिहार्य असतं तर मी गप्प बसले असते. पण मारुतीने ग्रँड विटारा २०२२ मध्ये आणली तेव्हा तिची स्ट्राँग हायब्रिड १७.९९ लाखांपासून सुरू होत होती, आणि एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी तीच यंत्रणा खालच्या डेल्टा प्लस मॉडेलात १६.९९ लाखांना दिली. अडीच वर्षांनी, वाढलेल्या महागाईत, कमी किमतीत. म्हणजे देता येत होती. ज्यांना साधी हायब्रिड हवी होती त्यांना मधली अडीच वर्षं वरचं मॉडेल घ्यायला लावलं.

एअरबॅगचा प्रकार तर मी सोडून देऊच शकत नाही. सुरुवातीच्या हायक्रॉस व्हीएक्स हायब्रिडमध्ये एअरबॅग दोन होत्या. चोवीस लाखांची, सात-आठ माणसांची, घरातली लेकरं आणि म्हातारी माणसं मागे बसणारी गाडी, आणि हवेच्या पिशव्या पुढच्या दोघांपुरत्या. सहा हव्या असतील तर झेडएक्स, २८ लाखांच्या पुढे. काही महिन्यांत व्हीएक्स (ओ) नावाचं मधलं मॉडेल निघालं, त्यात सहा आल्या. जुलै २०२३ मध्ये मारुतीने हीच गाडी इन्व्हिक्टो या नावाने आणली, बिडदीच्या त्याच कारखान्यात बनलेली. तिच्या अगदी सुरुवातीच्या मॉडेललाही सहा एअरबॅग, २४.७९ लाखांत. त्याच सांगाड्यात, त्याच छताखाली, जवळजवळ त्याच किमतीत. केंद्र सरकारने सहा एअरबॅग सक्तीचा मसुदा जानेवारी २०२२ मध्ये काढला होता. तो ऑक्टोबर २०२३ पर्यंत पुढे ढकलला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सक्ती करणार नाही असं गडकरींनी सांगितलं. नियम हलला की सुरक्षितता सनरूफच्या आणि चामडी सीटच्या रांगेत जाऊन बसते, आणि मग तीही दरवर्षी इकडून तिकडे हलवता येते.

पुढच्या गाडीशी अंतर राखणारी, लेन सुटली तर सावध करणारी, वेळ आली तर स्वतः ब्रेक लावणारी यंत्रणा, जिला सगळे एडास म्हणतात, ती हायक्रॉसमध्ये फक्त सर्वांत वरच्या झेडएक्स (ओ) ला. आणि झेडएक्स (ओ) ला सीट सातच. आठवी सीट हवी तर खालचं मॉडेल घ्या, एडास विसरा. ज्या घरात माणसं जास्त, त्या घराला संरक्षण कमी, अशी ही मांडणी आहे. आजी-आजोबा, दोन भाऊ, दोन जावा आणि मुलं अशी घरं अजून सांगली-सोलापुरात भरपूर आहेत, आणि इनोव्हा त्याच घरांच्या जोरावर मोठी झाली. त्यांना विचारून ही यादी केली असती तर आठ सीटच्या गाडीत सर्वांत आधी एडास आलं असतं.

ग्रँड विटाराच्या हायब्रिडमध्ये जुलै २०२३ पासून पादचाऱ्यांना सावध करणारा आवाज आला. विजेवर हळू चालताना गाडी येते ते कळतच नाही, त्यामुळे ही सोय गरजेचीच. किंमत त्यासाठी ४,००० रुपयांपर्यंत वाढली. रक्कम छोटी आहे आणि कारण योग्य आहे. अशी वाढ मी आनंदाने भरीन. पण विजेवर गाडी निःशब्द चालते हे गाडी बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

आमच्या ताईने काही वर्षांपूर्वी एक हायब्रिड बुक केली. कंपनीचं आणि शोरूमचं नाव लिहीत नाही, कारण पद्धत सगळीकडची आहे. तिच्या सासऱ्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. चढायला सोपी आणि मागे पाय लांब करता येतील अशी गाडी त्यांना हवी होती. शोरूममधल्या मुलाने कोटेशनच्या कागदावर एकेक गोष्ट वाचून दाखवत पेनाने खुणा केल्या. मागच्या दारांना ओढायचे पडदे आहेत, यावर ताईने दोनदा विचारून खात्री केली, कारण सासऱ्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ऊन सहन होत नव्हतं. पाडव्याला गाडी मिळेल असं ठरलं. पाडवा गेला, अक्षय तृतीया गेली, पावसाळा आला. मग एक दिवस फोन.

“मॅडम, तुमची गाडी अलॉट झालीये. फक्त नवीन प्राइस लागू होईल.”

भाऊजींनी फोन घेतला. “अहो, पाडव्याला देतो म्हणाला होतात. तेव्हा दिली असती तर जुनीच किंमत लागली असती ना?”

“बरोबर आहे सर. पण फॉर्मवर लिहिलंय, डिलिव्हरीच्या दिवशीची प्राइस. तुमची सही आहे.”

सही होती. बारीक अक्षरात ती ओळही होती. त्याच्या खाली आणखी एक ओळ होती, की पूर्वसूचना न देता वैशिष्ट्यं बदलण्याचा अधिकार कंपनीकडे राखीव आहे. तिचा अर्थ शोरूममध्ये गेल्यावर कळला. मागचे पडदे आता त्या मॉडेलमध्ये नव्हते. “ते वरच्या मॉडेलला गेले, मॅडम. तुम्हाला अ‍ॅक्सेसरीजमध्ये बसवून देतो की.” त्याचे पैसे वेगळे. ताईने खुणा केलेला तो कागद पुढे केला. मुलाने तो हातात घेतला, पाहिला आणि नम्रपणे परत दिला. त्या मुलाचा दोष नाही, त्याच्या हातात काहीच नसतं. बुकिंग रद्द केलं तर रांग पुन्हा पहिल्यापासून, आणि तोवर आणखी एक जानेवारी. ताईने वाढीव पैसे भरले. पडद्यांचेही भरले.

या व्यवहारात उशीर एकाने केला आणि त्याची किंमत दुसऱ्याने दिली. माझी सगळी तक्रार एवढ्या एका वाक्यात मावते.

आणि ही अडचण सुटण्यासारखी आहे, कारण घरांच्या बाबतीत आपण ती बऱ्याच अंशी सोडवली. बिल्डर नकाशा बदलायचे, ताबा लांबवायचे, मग वाढीव दर सांगायचे. २०१७ मध्ये रेरा लागू झाला. आता एकूण किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची तर आधी नोंदणीकृत करार करावा लागतो, आणि मंजूर आराखड्यात घर घेणाऱ्याच्या संमतीशिवाय मनाला येईल तसा बदल करता येत नाही. ताब्याची तारीख लिहावी लागते आणि ती चुकली तर बिल्डरला उत्तर द्यावं लागतं. घरानंतर मध्यमवर्गीय माणूस आयुष्यात सर्वांत मोठी खरेदी करतो ती गाडीची, आणि तिथे एक पान फॉर्म, दोन बारीक ओळी आणि खाली सही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित कराराची व्याख्या आहे. ग्राहकाला तोट्यात टाकणारी अवाजवी अट तिच्यात बसते. डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत ही अट, उशीर विक्रेत्याकडून झालेला असताना, त्या व्याख्येत तपासून पाहायला हवी. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून अशाच रोजच्या प्रश्नांसाठी लढत आली आहे. तिने आणि राज्यातल्या इतर ग्राहक संघटनांनी हा विषय हाती घ्यावा, अशी माझी मनापासून विनंती आहे.

कंपन्यांकडून फार मोठं काही मागायचं नाही. बुकिंगच्या दिवशीची किंमत, सरकारी कर वगळून, सांगितलेल्या तारखेपर्यंत कायम ठेवा. तारीख तुमच्याकडून चुकली तर तीच किंमत पुढेही लावा. कोटेशनवर दाखवलेली यादी फॉर्मला जोडा आणि तिच्यातली एखादी वस्तू काढलीत तर ग्राहकाला सगळे पैसे परत घेऊन बाहेर पडू द्या. एअरबॅग आणि एडास व्हेरिएंटच्या खेळातून बाहेर काढा.

तोवर तुम्ही बुकिंगला जाल तेव्हा फॉर्म घरी आणून वाचा. किंमत, वैशिष्ट्यांची यादी आणि डिलिव्हरीची शेवटची तारीख या तीन गोष्टी शोरूमच्या शिक्क्यासह लिहून मागा. तोंडी ‘हो’ घेऊ नका. बहुतेक ठिकाणी नकार मिळेल. तो नकारही लेखी मागा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंदवा.